वाळवीची वाट आणि गिरगावचा साग

गिरगावातल्या जुन्या चाळीविषयी बोलताना ‘वाळवीने खाल्ली’ असे इतक्या सहज म्हटले जाते की, वाळवीने नेमके काय खाल्ले हे विचारायचे राहूनच जाते. मी कीटकशास्त्रज्ञ नाही आणि अभियंताही नाही. गेली काही वर्षे फणसवाडी, मुगभाट, कांदेवाडी या भागातल्या लाकडी सांगाड्याच्या इमारती जिन्याखालून माळ्यापर्यंत पाहत आलो आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, या घरांतली वाळवी हा एक दस्तऐवज आहे. मोडीसारखाच तोही वाचायला शिकावा लागतो.

त्याची लिपी फार अवघड नाही. जमिनीतून येणारी वाळवी उघड्यावर चालत नाही, कारण हवेने तिचे मऊ अंग सुकते. म्हणून माती, लाळ आणि विष्ठा कालवून ती पेन्सिलीएवढ्या जाडीची नळी बांधत वर चढते. जोत्याच्या दगडावर, दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात, विजेच्या वायरीच्या पट्टीमागे ही नळी सापडते. ती मधेच फोडून दोन-तीन दिवसांनी पाहावे. पुन्हा सांधली असेल तर वस्ती जिवंत आहे. सांधली नसेल तरी निश्चिंत होऊ नये, कारण वाळवीने वाट बदललेली असू शकते. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले जीव येतात आणि सकाळी खिडकीत नुसत्या पंखांचा ढीग उरतो. चारही पंख सारख्या लांबीचे असतील तर ती वाळवी. मुंगीचे पुढचे पंख लांब असतात. लाकूड ठोकून पाहिले की पोखरलेला भाग पोकळ वाजतो. वरचा रंग शाबूत असतो आणि आत नुसते पापुद्रे. कपाटाखाली खसखशीसारखे, सहा बाजूंचे दाणे पडत असतील तर ती कोरड्या लाकडातली दुसरी वाळवी. तिला जमिनीशी संबंध लागत नाही. मैद्यासारखे पीठ पडते ते मात्र भुंगेऱ्याचे. या तिघांनाही आपण सरसकट वाळवी म्हणतो, आणि दुरुस्तीच्या वेळी ही सवय महाग पडते, कारण तिघांवरचे उपाय वेगळे.

वाळवीला खूण मानण्याची रीत आपल्याकडे जुनीच. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त जमिनीखालचे पाणी शोधताना वारूळ कुठे आहे ते पाहायला सांगितले आहे. चाळीतही हेच लागू पडते. नळीचा माग काढत गेलो की बहुतेक वेळा मोरी, सामायिक संडास किंवा गळकी पन्हळ लागते. खोलीच्या मध्यावरचा खांब कोरडा ठणठणीत आणि मोरीलगतचा तळाशी वीतभर गेलेला, हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे.

फणसवाडीचे नाव फणसाच्या झाडांवरून पडले. फणसाच्या गाभ्याला वाळवी सहजी लागत नाही हे कोकणातल्या घरबांध्यांना ठाऊक होते. पण वाड्या गेल्या, चाळी आल्या, आणि त्यांना लागणारे लाकूड बंदरातून येऊ लागले. मुंबईला सागाची पारख आधीपासूनच होती. इथल्या गोदीत १८१७ साली मलबारी सागाचे बांधलेले ‘त्रिंकोमली’ हे जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाहायला मिळते. सागाच्या तांबूस गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचे द्रव्य असते, ते वाळवीला मानवत नाही. बाहेरचा फिकट भाग मात्र ती आनंदाने खाते. पुढे ब्रह्मदेशी साग आला. त्याचा व्यापार करणारी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ साली मुंबईतच स्थापन झाली, आणि तिला झालेल्या दंडाचे निमित्त करून इंग्रजांनी १८८५ साली मंडालेच्या राजावर चाल केली. एका राजाचे राज्य गेले त्या जंगलांतला माल ‘बर्मा टीक’ म्हणून आपल्या जिन्यांत आणि तुळयांत बसला.

मग वाळवीने खाल्ले ते काय? मी पाहिलेल्या इमारतींत मूळचे खांब पुष्कळदा शाबूत आहेत. गेली आहेत ती नंतर घातलेली लाकडे : बदललेली पायरी, जोडलेला तुकडा, हलक्या लाकडाची चौकट. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडचा साग थांबला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली. या कायद्याने गिरणीकामगार आणि कारकून शहरात टिकले, त्याला नावे ठेवणे मला मान्य नाही. पण त्या भाड्यात साग घेऊन दुरुस्ती होणे शक्य नव्हते, हेही खरे. मालकाने जे परवडले ते लाकूड घातले, किंवा काहीच घातले नाही. १९६९ च्या दुरुस्ती मंडळाच्या कायद्याने भाडेकरू-मालकांवर उपकर बसवला. त्याखाली १९,६४२ इमारती आल्या, आणि त्यांतला ‘अ’ वर्ग ठरला तो पुन्हा त्याच तारखेने, १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारतींचा. एकाच तारखेने आधी भाडे गोठवले आणि मग म्हातारपण ठरवले.

दरवर्षी पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी निघते, तेव्हा मला या वाचनाची निकड वाटते. काही इमारती खरोखरच पडायला आलेल्या असतात. तिथे माणसे बाहेर काढलीच पाहिजेत. मात्र तपासणीत वापरला जाणारा रिबाउंड हॅमर काँक्रीटसाठी असतो. लाकडी तुळईला तो काही विचारू शकत नाही. तिला ठोकावे लागते, टोचावे लागते, भिंतीत गेलेले टोक उघडून पाहावे लागते. कोणता खांब मूळचा आणि कोणता मागाहूनचा, कुठला वीतभर गेला आणि कुठला मुळापासून, असा तक्ता खोलीवार मांडायला एका चाळीला चार-पाच दिवस पुरतात. फणसवाडीतल्या एका इमारतीत भाडेकरूंनी असा तक्ता स्वतः केला. त्यात गेलेले निघाले ते मोरीकडचे खांब आणि जिना.

चाळ पाडली की हा दस्तऐवज पांगतो. तुळया उतरवून, खिळे काढून विकल्या जातात आणि ओशिवऱ्याच्या बाजारात जुन्या बर्मा टीकच्या टेबलांना नव्या लाकडाहून चढा भाव मिळतो.