कऱ्हेतला 'ऱ्' : खिळ्यांपासून पीडीएफपर्यंत

पुरंदरच्या डोंगरातून निघालेली कऱ्हा जेजुरीवरून खाली उतरते, बारामती शहरातून वाहते आणि सोनगावजवळ नीरेला मिळते. तिच्या काठचा मुलूख तो कऱ्हाकाठ. या मुलखाचे नाव उच्चारायला सोपे आहे, पण छापायला तितके सोपे नाही. शाळेची स्मरणिका किंवा गावाच्या इतिहासाची पुस्तिका संगणकावर तयार करून तिची पीडीएफ छापखान्यात धाडणाऱ्या शिक्षकांना याचा अनुभव आलाच असेल. पडद्यावर 'शेतकऱ्यांना' दिसत होते, छापून आले 'शेतकर्यांना'. असे का होते, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जायला हवे.

'र' या व्यंजनाने जोडाक्षरात तीन वेष घेतलेले आहेत. 'सूर्य'मध्ये तो डोक्यावर रफार होऊन बसतो, 'क्रम'मध्ये पायाशी तिरकी रेघ होतो आणि 'कऱ्हा'मध्ये ओळीतच पापणीसारखी आडवी खूण होऊन राहतो. हा तिसरा वेष संस्कृतला आणि हिंदीला लागत नाही. मराठीला मात्र त्यावाचून गत्यंतर नाही. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधले खोलगट भाग. आचार्यांना नमस्कार करायचा, तर आचाऱ्यांना स्वयंपाक सांगायचा. फरक उच्चाराचा आहे. रफारामुळे आधीच्या अक्षरावर आघात येतो, पापणीच्या 'ऱ्'मुळे येत नाही.

छंदशास्त्रात या फरकाला मोल आहे. मोरोपंत (१७२९-१७९४) बारामतीला बाबूजी नाईकांच्या आश्रयाला राहिले आणि त्यांनी आर्या रचल्या. आर्या हे मात्रावृत्त. 'कऱ्हा'तला 'क' लघु, म्हणजे त्याची एक मात्रा. तेच कोणी रफार देऊन 'कर्हा' छापले, तर 'क' गुरू होतो आणि मात्रा दोन होतात. म्हणजे छापखान्यातली एक खूण चुकली की कवीचा मात्रांचा हिशेब बिघडला! वर्गात लघु-गुरू शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

मोरोपंतांच्या हयातीत हा प्रश्न नव्हता. बोरूने लिहिणारा माणूस हवी ती खूण हवी तिथे काढतो. शिळाछापातही तेच, कारण दगडावर उमटते ते हस्ताक्षरच. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली छापलेले पंचांग शिळेवरचेच होते. प्रश्न आला तो शिशाच्या खिळ्यांबरोबर. प्रत्येक जोडाक्षराचा स्वतंत्र खिळा पाडायचा, तर जुळाऱ्यापुढे शेकडो घरांची केस मांडावी लागे. म्हणून अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी आणि त्यांच्याकडे तयार होऊन १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढणाऱ्या जावजी दादाजींनी देवनागरी अक्षराचे भाग करून ते जुळवण्याची रीत घडवली. मुंबईची ही 'डिग्री' पद्धत. जुळारी भाग शेजारी-शेजारी आणि वर-खाली मांडून अक्षर उभे करी. खिळ्यावर आकार असतो, अर्थ नसतो. शब्द कोणता हे जुळाऱ्याच्या डोक्यात आणि पुढे वाचकाच्या डोळ्यांत. मधल्या शिशाला त्याची गरज नव्हती.

आमच्या मते पीडीएफच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या एका गोष्टीत आहे. आकार आणि अक्षर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि देवनागरीत त्या एकास एक जुळत नाहीत.

संगणक आले तेव्हाही सुरुवातीला खिळ्यांचीच रीत पुढे चालली. १९९० च्या दशकातल्या फॉन्टमध्ये एकूण २५६ घरे असत, आणि तीही मुळात रोमन अक्षरांसाठी आखलेली. त्या घरांत काना, मात्रा, अर्धी अक्षरे, पापणीचा 'ऱ्' असे तुकडे भरले जात. कोणता तुकडा कोणत्या घरात, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे. त्यामुळे छापखान्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की मराठी पानावर रोमन अक्षरांचा कचरा उमटे. बारामती-इंदापूरकडच्या साखर कारखान्यांच्या अहवालांत 'शेतकऱ्यांना' आणि पालखीच्या बातम्यांत 'वारकऱ्यांना' हे शब्द पानोपानी येणार. अशा मजकुराच्या जुन्या फायली आज उघडल्या तर हेच होते.

दुसरी वाट अक्षरालाच क्रमांक देण्याची होती. आकार कोणता काढायचा, हे यंत्राने नियमाने ठरवायचे. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले 'जिस्ट'चे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये (स्थापना १९८८) पुढे गेले, आणि १९९१ साली 'इस्की' हे भारतीय मानक ठरले. त्यात 'र'च्या शेजारी 'ऱ'लाही स्वतंत्र घर होते. इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून युनिकोडने देवनागरीचा तक्ता उचलला : 'र' ०९३० आणि 'ऱ' ०९३१. हा 'ऱ' खरा दक्षिणेकडच्या भाषांतल्या एका व्यंजनाच्या लिप्यंतरासाठी. पण त्याला हलन्त जोडला की पापणी काढायची, असा नियम झाला. मात्र युनिकोडच्या २.० या आवृत्तीतली (१९९६) दुसरी रीतही मान्य राहिली : साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह. कागदावर दोन्ही रूपे अगदी सारखी. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. वर म्हटलेल्या 'शेतकर्यांना'चा उगम बहुधा इथे असतो. एका प्रणालीतून दुसरीत मजकूर नेताना ते अदृश्य चिन्ह गळते, आणि उरलेल्या 'र' व हलन्ताचा नियमाप्रमाणे रफार होतो. यंत्राची यात काही चूक नाही!

आता पीडीएफकडे येऊ. अडोबी कंपनीने ती १९९३ साली बाहेर काढली, आणि २००८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. कोणत्याही यंत्रावर पान जसेच्या तसे दिसावे, हा तिचा हेतू. म्हणून ती मुख्यतः फॉन्टमधली कोणती आकृती पानावर कोठे ठेवायची, हे लिहून ठेवते. म्हणजे जुळाऱ्याने बांधलेले पानच म्हणा ना. आकृतीवरून अक्षराकडे परत जाण्यासाठी सोबत एक तक्ता असतो, पण देवनागरीत तो अपुरा पडतो. 'शिक्षक'ची वेलांटी कागदावर 'श'च्या आधी येते, पण उच्चारात नंतर. 'वर्ग'चा रफार काढला जातो शेवटी, पण 'र' उच्चारला जातो आधी. आकृतींच्या क्रमाने वाचले की पीडीएफमधून उतरवलेला 'वर्ग' हा 'वगर्' होतो. (पापणीचा 'ऱ्' बिचारा आपल्या जागीच असतो, त्यामुळे या बाबतीत तो रफारापेक्षा सरळ.) टॅग केलेल्या पीडीएफमध्ये मूळ शब्द आकृतींसोबत नोंदवता येतो. पुस्तक पुढे कोणी शोधावे, वाचावे असे वाटत असेल तर ही सोय वापरावी.

छपाईपुरता विचार केला तर दोष कोठे शिरला, हे लक्षणावरून ओळखता येते. पडद्यावरच 'कऱ्हा'तली पापणी मोडून 'ऱ'खाली हलन्त दिसत असेल, वेलांटी भलतीकडे गेली असेल, तर पीडीएफला दोष देऊ नये. पानरचनेच्या प्रणालीला देवनागरीचे नियम लावायला सांगितलेले नाही, एवढेच. इनडिझाइनमध्ये त्यासाठी 'वर्ल्ड-रेडी' रचनाकार निवडावा लागतो. भाषा हिंदी ठेवली असेल, तर काही फॉन्ट 'ल' आणि 'श'ही हिंदी वळणाचे काढतात. आपल्याकडे सर्व ठीक आणि छापखान्यात चौकोन, असे झाले तर फॉन्ट पीडीएफमध्ये भरलेला नाही. पीडीएफ/एक्स-१ए या २००१ च्या छपाई-मानकात सर्व फॉन्ट आत असणे सक्तीचे आहे, म्हणून त्या रूपात फाइल काढणे बरे. अक्षरे सुबक पण पापणीच्या टोकाला रंगीत सावली दिसली, तर मजकूर एकट्या काळ्या शाईऐवजी चार शायांत विभागला गेला आहे. चार छाप केसभरही सरकले की बारीक रेषा फाटते.

एवढा खटाटोप नको म्हणून काही छापखाने सर्व अक्षरांच्या बाह्यरेषा करून मागतात. मग काहीच हलत नाही. पण त्या फायलीत मजकूर म्हणून काही शिल्लक राहत नाही, उरतात ती नुसती चित्रे. ती प्रत छपाईपुरती द्यावी आणि मजकुराची प्रत आपल्याजवळ जपावी. नाहीतर उद्या कऱ्हाकाठच्या शेतीचा अभ्यास करणारा विद्यार्थी त्या पुस्तकात 'शेतकऱ्यांना' शोधील, संगणक 'सापडले नाही' म्हणेल, आणि पुस्तकात शेतकऱ्यांविषयी काही नाही असा समज होईल.

फाइल पाठवण्यापूर्वीची चाचणी पाच मिनिटांची आहे. पीडीएफमधला एक परिच्छेद उतरवून साध्या मजकुराच्या खिडकीत चिकटवावा. त्यात 'कऱ्हा', 'वर्ग' आणि 'शिक्षक' हे तीन शब्द असावेत. दुसऱ्याने केलेल्या पीडीएफमध्ये शोध घ्यायचा असेल, तर 'शेतकऱ्यांना' पूर्ण न लिहिता 'शेतक' एवढेच लिहावे. 'ऱ्' कोणत्याही रीतीने घातलेला असला तरी मग तो आड येत नाही.