काळी, पांढरी आणि हरकत

कसण्याची ती काळी, वस्तीची ती पांढरी. गावच्या जमिनीची वाटणी आपल्या जुन्या भाषेने अशी दोन रंगांत केली. औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतील तालुके मिळून 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा झाला. त्याआधीच महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 याने ही वाटणी नकाशावर नेली होती. या कायद्यानुसार प्रादेशिक नियोजन मंडळ जमीनवापराचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध करते आणि हरकतींसाठी किमान चार महिने देते. समिती त्या ऐकते, मंडळ आवश्यक ते फेरफार करते, अंतिम मान्यता मात्र शासनाची.

यातील 'हरकत' या शब्दापाशी आम्ही थांबतो. मूळ अरबीत त्याचा अर्थ हालचाल. मराठीत येऊन तो अडथळा झाला! ही हरकत नोंदवायची तर शेतकऱ्याला 'विहिरीकडची पट्टी' सोडून गट क्रमांक लिहावा लागतो. गायरानात गुरे चारणाऱ्याची अडचण याहून मोठी. हरकत घेण्याचा अधिकार केवळ जमीनमालकापुरता नाही, हे खरे; पण ज्याच्या नावे सातबाराच नाही, त्याने त्या नकाशावर बोट नेमके कोठे ठेवावे?