वाकून जायचे दार

जपानात चहाचा विधी शिकायला आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती लगेच चहाचे भांडे देत नाहीत. आधी त्याने पाहुणा व्हायला शिकायचे. गवताच्या जाड चटईवर गुडघे मोडून बसायचे. वाडगा पुढे आला की शेजारच्या पाहुण्याला ‘तुमच्या आधी घेतो’ म्हणून वाकायचे. वाडग्याची दर्शनी बाजू ओठाला लागू नये म्हणून तो थोडा फिरवायचा, आणि मग प्यायचे. चहाही आपल्यासारखा नव्हे, बरे का! दूध नाही, साखर नाही. हिरव्या पानांची भुकटी कढत पाण्यात बांबूच्या रवीने घुसळलेली.

या विधीला वळण लावले सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याने. हा साकाई बंदरातल्या व्यापाऱ्याचा मुलगा. बड्या लोकांच्या चहात चिनी भांड्यांचा थाट असे. रिक्यूला दोन चटयांची खोली आणि साधा मातीचा वाडगा पुरे वाटला. खोलीचे दार जेमतेम दोन-सव्वादोन फुटांचे. सरदारानेही तलवार वळचणीखाली ठेवायची आणि गुडघ्यांवर सरकत आत यायचे.

रिक्यूचा धनी हिदेयोशी सामान्य कुळातून चढत चढत जपानचा सर्वाधिकारी झाला होता. १५८७ साली त्याने क्योतोच्या कितानो देवळात चहाचा मेळावा भरवला आणि शेतकऱ्यांनाही आवतण दिले. आपापला वाडगा आणा. चहा नसेल तर भाजलेले पीठ चालेल! आपल्या सातूच्या पिठासारखेच म्हणा ना. बेत दहा दिवसांचा होता; मेळावा एका दिवसात आटोपला. पुढच्याच वर्षी, १५८८ मध्ये, त्याच हिदेयोशीने शेतकऱ्यांची हत्यारे काढून घेतली. म्हणजे बरोबरी होती ती चहापुरती. आणि १५९१ साली त्याच्याच हुकमाने रिक्यूला स्वतःचे पोट चिरून मरावे लागले. त्याचे कारण काय, यावर इतिहासकारांचे अजून एकमत नाही.

हिदेयोशीच्या घराण्याची सत्ता १६१५ मध्ये संपली. रिक्यूच्या वंशातली तीन घराणी मात्र क्योतोत आजही हा विधी शिकवतात. पूर्वी तो मुख्यतः पुरुषांचा होता. १८७५ साली तोक्योत निघालेल्या आतोमी कन्याशाळेने तो अभ्यासक्रमात घेतला. आता शिकणाऱ्यांत स्त्रियाच अधिक दिसतात. दार मात्र कोणी उंच केले नाही. त्या खोलीत जायचे तर विद्यार्थ्याने वाकायचे, आणि मंत्र्यानेही.