दहशतवादविरोधी कायदे : वर्ध्यातल्या कुटुंबांना काय माहीत हवं?

आपल्याकडची मोठी माणसं अजूनही सहज बोलून जातात, 'त्याला टाडा लावला.' टाडा १९८५ साली आला आणि १९९५ साली मुदत संपल्यावर गेला. मग २००२ चा पोटा आला, तो २००४ मध्ये रद्द झाला. आज महाराष्ट्रात लागतो तो मुख्यतः यूएपीए, म्हणजे १९६७ चा बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंध कायदा, आणि १९९९ चा मकोका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतही दहशतवादी कृत्यासाठी कलम ११३ आलं आहे. गुन्हा या कलमाखाली नोंदवायचा की यूएपीएखाली, हे पोलीस अधीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी ठरवतो.

असे कायदे नकोतच, असं आम्ही म्हणत नाही. ८ सप्टेंबर २००६ ला मालेगावच्या बडा कबरस्तानात शब-ए-बरातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजनंतर स्फोट झाले. मेलेले बहुतेक आपलेच होते. पण त्या गुन्ह्यात आधी पकडले गेले तेही नऊ मुस्लिम तरुणच, आणि त्यांना मकोका लागला. २०११ मध्ये जामीन मिळाला, २५ एप्रिल २०१६ ला विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. तोवर नऊपैकी एक जण हयात नव्हता. खरा प्रश्न निकालाच्या आधीच्या या वर्षांचा आहे.

साध्या गुन्ह्यात पोलिसांना ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र द्यावं लागतं, नाहीतर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. यूएपीए आणि मकोकात ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. यूएपीएच्या कलम ४३ड(५) प्रमाणे, पोलिसांचे कागद पाहून आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तर न्यायालय जामीन देऊ शकत नाही. मकोकाच्या कलम १८ प्रमाणे पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. साध्या खटल्यात असा जबाब चालत नाही. मुंबईच्या ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात २०१५ मध्ये १२ जणांना शिक्षा झाली, त्यांतल्या पाच जणांना फाशीची. त्या शिक्षेत अशा जबाबांचा वाटा मोठा होता. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने ते जबाब विश्वासार्ह मानले नाहीत आणि सगळ्यांना निर्दोष ठरवलं. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने, हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नका, असं सांगितलं. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठवलं नाही. बारांपैकी एक जण २०२१ मध्येच, कैदेत असताना, नागपुरात कोरोनाने वारला होता.

नागपूरचं नाव इथे उगाच आलेलं नाही. वर्ध्याची अपिलं नागपूर खंडपीठातच जातात. प्रा. जी. एन. साईबाबा यांना गडचिरोलीच्या न्यायालयाने २०१७ मध्ये यूएपीएखाली जन्मठेप दिली होती. याच खंडपीठाने त्यांना आधी ऑक्टोबर २०२२ मध्ये सोडलं. त्या निकालाला सर्वोच्च न्यायालयात स्थगिती मिळाली, प्रकरण परत आलं, आणि ५ मार्च २०२४ ला खंडपीठाने पुन्हा निर्दोष ठरवलं. दोन्ही वेळा एक मुद्दा होता तो खटला चालवण्यासाठी लागणाऱ्या सरकारी मंजुरीचा. कलम ४५ ची ही मंजुरी नुसता शिक्का नाही. स्वतंत्र अधिकाऱ्याने पुरावा तपासून सात कामाच्या दिवसांत शिफारस द्यायची, पुढच्या सात दिवसांत सरकारने निर्णय घ्यायचा. या मुदती पाळाव्याच लागतात, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. वकिलाला पहिल्याच भेटीत मंजुरीच्या तारखा विचारा.

दुसरी गोष्ट ९० व्या दिवसाची, आणि ती घरच्यांनी कॅलेंडरवर लिहूनच ठेवावी. मुदत वाढवायची तर सरकारी वकिलाचा अहवाल लागतो, आणि वाढ देणारं न्यायालय त्या अधिकाराचं असावं लागतं. भीमा कोरेगाव प्रकरणात सुधा भारद्वाज यांना डिसेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर जामीन दिला. त्याच प्रकरणातल्या आठ जणांना तो मिळाला नाही, कारण त्यांनी वेळेत अर्ज केला नव्हता. मुदत संपली आणि आरोपपत्र आलं नाही, तर त्याच दिवशी अर्ज पडला पाहिजे. आरोपपत्र आधी दाखल झालं तर हा हक्क गेला.

खटला रेंगाळला तरी वाट बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये के. ए. नजीब प्रकरणात सांगितलं की, खटला लवकर संपण्याची चिन्हं नसतील तर यूएपीए असूनही जामीन देता येतो. मे २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थ यांची अटक बेकायदा ठरली, कारण अटकेची कारणं त्यांना लेखी दिली नव्हती. तेव्हा तो कागद मागून घ्या, आणि सांभाळा.

बंदीबद्दलही सावध राहिलं पाहिजे. सिमीवर २००१ पासून बंदी आहे, पीएफआयवर २८ सप्टेंबर २०२२ पासून पाच वर्षांची. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बंदी घातलेल्या संघटनेचं नुसतं सदस्यत्वही गुन्हा आहे, हातून काही घडलेलं नसलं तरी. जुना फोटो, पावती, व्हॉट्सअपवर पुढे ढकललेला मजकूर यांकडे पोलीस पुरावा म्हणून पाहतात. पोरांना हे घरातच समजवा, आणि कोण पाठवतंय हे माहीत नसलेल्या ग्रुपमधून बाहेर पडायला सांगा.

जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, तेव्हा आपल्याकडे बरेच जण म्हणाले, हे नक्षलवाद्यांसाठी आहे, आपल्याला काय! विधेयकात शब्द आहेत, डाव्या कडव्या विचारसरणीच्या 'किंवा तत्सम' संघटना. 'तत्सम' म्हणजे कोण, हे आधी सरकार ठरवणार आणि मग सल्लागार मंडळ तपासणार. सदस्याला तीन वर्षांपर्यंत, आणि बेकायदेशीर कृत्य केल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आम्हाला हा शब्द फार सैल वाटतो. खटल्याविना कैद म्हणजे काय, हे वर्ध्याला कोणी सांगायला नको. १४ जुलै १९४२ ला काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी देश सोडावा हा ठराव इथेच केला. तेव्हा अध्यक्ष होते मौलाना आझाद. पुढच्याच महिन्यात ते पकडले गेले आणि कुठलाही खटला न चालता जवळपास तीन वर्षं कैदेत राहिले, त्यातला बहुतेक काळ अहमदनगरच्या किल्ल्यात.

पोलीस दारात आलेच तर वाद घालू नका, पळूही नका. नाव आणि ठाणं विचारून लिहून घ्या. चौकशीसाठी बोलावणं लेखी मागा. साक्षीदार म्हणून बाई, पंधरा वर्षांखालचा मुलगा, साठीपुढचा पुरुष किंवा गंभीर आजारी माणूस असेल तर जबाब घरीच घ्यावा लागतो. झडतीचं व्हिडिओ चित्रण झालं पाहिजे, जप्तीची यादी मिळाली पाहिजे. कोऱ्या कागदावर सही नाहीच. अटक झाल्यावर कुठे ठेवलं हे नातेवाइकांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करणंही. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ सोबत बसवता येत नाही.

वकील परवडत नसेल तर वर्ध्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला, आणि बाईला, उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन नंबर आहे १५१००.