विवेकाविना विज्ञान : 'द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो' आणि १८७६ चा ब्रिटिश कायदा

प्रस्तावना

एच. जी. वेल्स यांची 'द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो' ही कादंबरी १८९६ मध्ये प्रसिद्ध झाली. दूरच्या बेटावर जिवंत पशूंवर शस्त्रक्रिया करून त्यांना मानवरूप देऊ पाहणाऱ्या शास्त्रज्ञाची ही कथा बहुधा भयकथा म्हणून वाचली जाते. तथापि, तिच्यामागे तत्कालीन इंग्लंडमधील एक प्रत्यक्ष वाद आहे. त्या वादाच्या संदर्भात प्रस्तुत लेखात या कादंबरीचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात फ्रान्स व जर्मनीतील प्रयोगशाळांच्या प्रभावाने इंग्लंडमध्येही शरीरक्रियाशास्त्रातील प्राणिप्रयोग वाढले. त्यांविरुद्ध लोकमत तापल्याने १८७५ मध्ये राजकीय आयोग नेमण्यात आला. टी. एच. हक्सले हे त्याचे एक सदस्य होते. प्रयोग करताना प्राण्याच्या वेदनेचा आपण विचार करीत नाही, अशा आशयाची इमॅन्युएल क्लाइन या संशोधकाची साक्ष विशेष गाजली. १८७६ च्या कायद्याने प्रयोगकर्त्यास परवाना घेणे व प्राण्यास भूल देणे बंधनकारक झाले. मात्र विशेष प्रमाणपत्राद्वारे भुलीतून सूटही मिळू शकत असे. फ्रान्सेस पॉवर कॉब यांच्यासारख्या विरोधकांना हा कायदा अपुरा वाटला, तर अनेक संशोधकांना तो जाचक वाटला. १८८१ मध्ये मेंदूविषयक संशोधक डेव्हिड फेरियर यांच्यावर विनापरवाना प्रयोगाचा खटला झाला. शस्त्रक्रिया परवानाधारक सहकाऱ्याने केल्याचे दिसून आल्याने ते सुटले.

बेटाचा अर्थ

कादंबरीतील मोरो हा लंडनमधील नामवंत शास्त्रज्ञ. एक पत्रकार मदतनीस बनून त्याच्या प्रयोगशाळेत शिरतो, तेथून कातडी सोललेला कुत्रा बाहेर पळतो आणि लोकक्षोभामुळे मोरोला देश सोडावा लागतो. बेट म्हणजे कायदा व लोकमत यांच्या कक्षेबाहेरची प्रयोगशाळा होय.

वेल्स हे हक्सले यांचे विद्यार्थी. कथेचा निवेदक प्रेंडिक हाही त्यांचाच विद्यार्थी दाखविला आहे. निसर्गातील जीवनकलहाचे अनुकरण करण्यात नव्हे, तर त्याला विरोध करण्यात समाजाची नैतिक प्रगती असते, असे हक्सले यांनी १८९३ च्या ऑक्सफर्ड येथील व्याख्यानात प्रतिपादिले होते. मोरोची भूमिका याच्या नेमकी उलट आहे. निसर्गाचा अभ्यासक निसर्गाइतकाच निर्दय होतो, असे तो मानतो.

कायदा कोणासाठी?

बेटावर कायदा नाही असे नाही. चार पायांवर चालू नये, मांस खाऊ नये असे नियम पशुमानव सामूहिकपणे घोकतात आणि नियमभंग करणाऱ्याची रवानगी पुन्हा वेदनागृहात होते. १८७६ चा कायदा प्रयोगकर्त्याला बांधत होता; मोरोचा कायदा केवळ प्रयोगाच्या बळींना बांधतो. जो नियम घालतो तो स्वतः कोणालाही उत्तरदायी नाही, हेच या कथेतील खरे भय आहे. अखेर शस्त्रक्रियेखालील प्यूमाच साखळी तोडून मोरोचा अंत करते.

समारोप

वेल्स पुढील काळात प्राणिप्रयोगांचे समर्थकच राहिले. त्यामुळे या कादंबरीस विज्ञानविरोधी ठरविणे योग्य होणार नाही. तिचा रोख जिज्ञासेवर नसून उत्तरदायित्वावाचूनच्या जिज्ञासेवर आहे. १८७६ चा कायदा सदोष होता, तरी १९८६ मध्ये नवा कायदा होईपर्यंत तो टिकला. संशोधकाची सदसद्विवेकबुद्धी हा केवळ त्याचा खासगी गुण नव्हे. समाजाने तिला नियमांचा आधार द्यावा लागतो, हे या इतिहासातून स्पष्ट होते.