हॅपी बर्थडे जोशी!

१९९० साली भारतात एक व्हायरस सापडला, नाव चक्क 'जोशी'. फ्लॉपीतून पसरायचा. ५ जानेवारीला कॉम्प्युटर अडून बसायचा. 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप केलं की सुटका. व्हायरस मात्र आतच! तपासलं तर लपायचा, कंट्रोल-आल्ट-डिलीट केलं तरी मेमरीत टिकायचा. म्हणून आधी मशीन पूर्ण बंद, मग स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू, मग सफाई.

पुण्यात कैलाश काटकरांच्या रिपेअरिंगच्या दुकानात व्हायरस लागलेली मशीन्स यायची. धाकट्या संजयने त्यावर प्रोग्राम लिहिले. त्यातून क्विक हील उभं राहिलं.

फ्लॉपी गेली, नियम तोच: चोरालाच पंच नेमू नका. अँड्रॉइडवर नको असलेलं अ‍ॅप निघेना? सेफ मोडमध्ये जा. तिथे बाहेरून टाकलेली अ‍ॅप्स झोपलेली असतात. तेव्हाच काढा!