वसईच्या काळ्या पाषाणाची कुळकथा

वसईच्या कोटाला लागलेला काळा पाषाण हा पोर्तुगीज अंमलाहून, सोपाऱ्याच्या प्राचीन बंदराहून, किंबहुना मनुष्यजातीहूनही वडील असून, त्याचे कुळ शोधू जाता सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या अग्निप्रलयापर्यंत मागे जावे लागते. त्या प्रलयात धूर ओकणारे उत्तुंग शिखर मुख्य नव्हते. भूकवचाला लांबच लांब भेगा पडल्या आणि ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला, सिलिका कमी असल्यामुळे पातळ असलेला शिलारस त्यांतून उसळून महापुरासारखा पसरला. एक थर निवावा, त्यावर दुसरा चढावा, असे होता होता दख्खनचे बेसाल्टी, म्हणजे याच काळ्या पाषाणाचे, पठार रचले गेले. झिजून उरलेला त्याचा विस्तार आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. तुंगारेश्वर आणि जीवदानी हे डोंगर याच घराण्यातले.

शिलारस भराभर निवाल्यामुळे पाषाणाचा कण बारीक राहिला, लोह व मॅग्नेशियमयुक्त खनिजांमुळे त्याला काळिमा आला, आणि वायूंच्या बुडबुड्यांनी पाडलेल्या पोकळ्या पुढे झिरपत्या पाण्यातील क्वार्ट्झ, कॅल्साइट व झिओलाइट यांनी भरून निघाल्या; काही चिऱ्यांवर दिसणारे पांढरे ठिपके ते हेच.

पाथरवटाच्या टाकीला दाद देणारा, पण घडल्यावर सहसा न झिजणारा हा पाषाण राज्यकर्त्यांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. अशोकाच्या आठव्या लेखाचा बेसाल्टवर कोरलेला तुकडा सोपाऱ्यास १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींच्या काळात उजेडात आला, तर नवव्या लेखाचा तुकडा भुईगावास १९५६ साली सापडला. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेल्यावर कोट, मठ, देवळे यांची इमारतकामे तर येथे झालीच, पण १६०५ साली अभिषेक झालेल्या जुन्या गोव्यातील बॉम जेझू चर्चच्या घडीव कामासाठीही बेसाल्ट वसईहून नेला गेला. १७३९ साली चिमाजीअप्पांच्या सुरुंगांनी तटाला खिंडार पाडले, तरी उरलेला चिरा अद्याप जागचा हललेला नाही.

आज याच पाषाणाची खाणींत खडी होते. बांधकामाची गरज म्हणून ते समजून घेता येते. परंतु कोटाच्या भिंतीवर स्वतःचे नाव खरवडणाऱ्याला क्षमा नाही. ज्या पाषाणावर अशोकाने प्रजेला धर्माचरणाचा उपदेश लिहविला, त्यावर आपण ओरखडा उमटवू नये आणि शेजारच्यालाही उमटवू देऊ नये, एवढी वसई-विरारच्या प्रत्येक रहिवाशाला कळकळीची विनंती आहे.